प्लॉट नंबर चौदा

तुळशी तलावाच्या वरच्या अंगाला
दोरीनं आखलेला दहा बाय दहाचा चौकोन.
आत कारवीची एकशे बारा खोडं
आणि घाणेरी.
ती मोजणं लवकरच सोडलं, नुसती टक्केवारी लिहायचे.

कारवी फुलते सात वर्षांनी, कधी आठ.
फेलोशिप तीन वर्षांची.
अर्जात मी हे लिहिलं नव्हतं,
समितीनंही विचारलं नाही.

दोरीचं दुसरं टोक चैती वरठाच्या हातात.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
नाय फुलायची ती औंदा.
माझी धाकटी कारवीच्या सालची,
तिच्या दाढा यायच्यात अजून.
तू कशाला बसतेस?

मी बसले.
एका फांदीसमोर दहा मिनिटं,
घड्याळ मनगटाच्या आतल्या अंगाला.
कारवी: भेटी शून्य.
घाणेरी: सातेरी माश्या चार, निळ्या पट्ट्यांची एक,
फुलपाखरं सहा, पैकी एक ओळखता आलं नाही.
कारवी: शून्य.
कारवी: शून्य. (बिबट्याची विष्ठा, ताजी. लवकर उठलो.)
कारवी: शून्य.

मावशीच्या मलमलच्या ओढणीच्या
साठ पिशव्या शिवून ठेवल्या होत्या,
कळ्यांना बांधायच्या,
माशीवाचून फळ धरतं का बघायला.
तीन वर्षं त्या डांबरगोळ्यांच्या वासात पडून.

पहिल्या अहवालात घाणेरीला
मी परकीय म्हटलं, आक्रमक म्हटलं.
खोटं नव्हतं ते. आजही नाही.
पण मग तिच्याचसमोर बसून राहिले.
ती पिवळी उमलते,
माशी येऊन गेली की केशरी होते, मग गुलाबी:
इथला माल संपला, पुढचं दार बघा.
माघ-फाल्गुनात, सगळं रान वाळकं असताना,
एवढं तरी कोण सांगतं कुणाला?
चैती तिच्या काट्यांचं कुंपण घालते.
कूड मात्र कारवीचाच, वरून शेणमाती.
घाणेरीचा कूड माणसाला नीट उभा राहू देत नाय, म्हणते.
हे वाक्य कुठल्या तक्त्यात घालायचं
ते मार्गदर्शकांनाही सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी खोडांना तारेनं
ॲल्युमिनियमचे बिल्ले बांधले, एक ते एकशे बारा.
मागून येणाऱ्यासाठी, असं म्हटलं.
मागून कोणी येणार नव्हतं.

आता पवईत, नवव्या मजल्यावर,
रस्त्यात जाणाऱ्या झाडांच्या याद्या तपासते.
एका झाडामागं पाच रोपं.
कुठं, ते दुसऱ्या पानावर.
भाद्रपदात बैठक चालू असताना फोन थरथरला.

फुलली गो. सगळी टेकडी जांभळी.
तुझं बिल्लं चमकतंय मधी मधी.
धाकटीचे पुढचे दोन दात पडले.

मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे.
बरं, म्हणाली,
माश्यांना सांगते थांबायला.

याद्या तशाच उघड्या ठेवून निघाले.
पिशव्या घ्यायला वाटेत घरी,
ओढणीला अजून डांबरगोळ्यांचा वास.
त्यातल्या बारा बांधल्या.
मलमलीवर बाहेरून माश्या आपटत होत्या,
तरी तेरावी बांधली.

बिल्ला सत्तेचाळीस सापडेना.
मग घाणेरीच्या जाळीत हात घातला, खरचटला.
आतलं खोड वेडंवाकडं, बोटाएवढं,
वर उजेडात मात्र मान काढून फुललेलं.
एक आग्या माशी त्याच्यावरून घाणेरीवर,
घाणेरीवरून परत त्याच्यावर.
शेजारणीनं गिऱ्हाईक आणून दिलं
की दारातून पळवलं?
वहीत असा रकाना नव्हता.
पेनानं एक रेघ ओढून केला
आणि वर काय लिहावं ते न कळून कोरा ठेवला.

दहा मिनिटं लावली.
तिसऱ्याच मिनिटाला माझी मोजणी चुकली.
चैती शेजारी उकिडवी बसून
माशीमागं एक खडा टाकत होती.
ओंजळ संपली, तशी ती
आणखी खडे आणायला ओढ्याकडं उतरली.